जलाश्व

जलाश्व : भारतीय नौदलाची उभयचर युद्धनौका. बंदराची सोय नसलेल्या किनाऱ्यावर सैनिक, रणगाडे व रसद उतरविणे हे हिचे मुख्य कार्य होय. अमेरिकन नौदलात ही ‘ट्रेंटन’ या नावाने ६ मार्च १९७१ रोजी दाखल झाली. १७ जानेवारी २००७ रोजी ती भारताच्या सुपूर्द करण्यात आली आणि २२ जून २००७ रोजी तिला प्रस्तुत नाव मिळाले. लांबी सुमारे १७३ मी.; पूर्ण भारासह विस्थापन सुमारे १७,००० टन; तळ विशाखापट्टणम.

पूर्वपरंपरा : समुद्रमार्गे फौज नेऊन परमुलखात उतरविण्याची विद्या महाराष्ट्रास अपरिचित नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून ८५ लहान व ३ मोठ्या जहाजांचे आरमार घेऊन बसरूरवर चालून गेले, ती मोहीम याच जातीची होती.

रचना : खोल तळाचे जहाज वाळूला लागत नाही आणि उथळ तळाची होडी भर समुद्रात टिकत नाही, या दुहेरी अडचणीवरील तोडगा म्हणजे नौकेच्या पोटातील १६८ फूट लांब व ५० फूट रुंद कुंड. भारटाक्यांत पाणी घेऊन पिछाडी खाली बसविली व मागचा दरवाजा उघडला, की समुद्र आत शिरतो आणि कुंडात टेकलेल्या सपाट तळाच्या होड्या रणगाड्यांसह तरंगत बाहेर पडतात. त्या परतल्यावर टाक्या रिकाम्या करून पिछाडी पुन्हा उचलली जाते. कुंडावरील तक्तपोशीवर हेलिकॉप्टरे उतरतात.

सुटे भाग : दोन बाष्पके व दोन वाफेची टर्बाइने हे हिचे हृदय. बाष्पकाच्या नळ्या, झडपा, पंपांचे बेअरिंग, दरवाजाच्या बिजागऱ्या व पाणी अडविणाऱ्या रबरी पट्ट्या सतत झिजतात. आणि बिजागरी अडली, तर एवढे प्रचंड जहाज केवळ मालवाहू ठरते. या वर्गाच्या बारा नौकांपैकी अमेरिकेकडील शेवटची ‘पॉन्स’ २०१७ मध्ये निवृत्त झाल्यामुळे, निवृत्त जहाजांवरील भाग काढून घेणे किंवा झिजलेल्या भागाचे माप घेऊन तो नव्याने घडविणे, हेच मार्ग उरतात. दुसऱ्या मार्गास ओतकाम व घडाई यांचे स्वदेशी कसब लागते. ते किनाऱ्यापुरते मर्यादित नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्यरत झालेल्या आणि याच धातुकामात गुंतलेल्या ‘यंत्र इंडिया’ या सरकारी कंपनीचे मुख्यालय समुद्रापासून दूर, नागपुरास अंबाझरी येथे आहे. जहाज विकत घेता येते, परंतु त्याचे आयुष्य कारखान्यातच घडवावे लागते.

कार्य : कोविडच्या साथीत ‘समुद्रसेतू’ मोहिमेत मालेहून ६९८ भारतीयांना घेऊन ही नौका १० मे २०२० रोजी कोचीस पोहोचली. सेवेचे एकूणपन्नासावे वर्ष ओलांडलेल्या जहाजाने पार पाडलेल्या त्या कामगिरीत, बाष्पकाची एकेक नळी तपासून बदलणाऱ्या अनाम कारागिरांचा वाटा आदराने नोंदविण्याजोगा आहे.