सिंडरेलाच्या पुसलेल्या रेषा

जुन्या अ‍ॅनिमेशनपटाच्या पडद्यावर जो बारीक दाणा थरथरताना दिसतो तो चित्रकारानं काढलेला नसतो, तेव्हा घरी पाहायच्या आवृत्तीतून तो काढून टाकला तर बिघडलं काय? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत निघालेल्या कित्येक डीव्हीडी आणि ब्लू-रे आवृत्त्या याच समजुतीवर उभ्या आहेत. ही समजूत चुकीची आहे असं माझं म्हणणं आहे. पण आधी ती तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडली पाहिजे.

हाडामांसाच्या नटांच्या चित्रपटात फिल्मच्या आधी चित्र असं काही नसतंच. समोरचा उजेड फिल्मवर उमटतो तेव्हाच चित्र जन्माला येतं, म्हणून तिथला दाणा चित्राचाच भाग मानावा लागतो. अ‍ॅनिमेशनपटाचं तसं नाही, असं हा पक्ष म्हणतो. तिथे कागदावर रेषा असते, पारदर्शक सेलवर शाई आणि रंग असतात, मागे रंगवलेली पार्श्वभूमी असते. हे सगळं कॅमेऱ्यापुढे ठेवण्याआधीच पूर्ण झालेलं असतं. कॅमेरा आणि फिल्म हे निव्वळ वाहक, आणि दाणा, धूळ, किंचितसं हलणारं चित्र हे त्या वाहनाचे दोष. संगणकाच्या साहाय्यानं ते काढले की चित्रकाराच्या टेबलावर जे होतं तेच हाती येतं. युक्तिवाद स्वच्छ आहे, आणि कलावंताबद्दलच्या आदरातून आलेला आहे. म्हणूनच तो इतका टिकला.

त्यातून निघालं काय ते पाहू. १९५०चा ‘सिंडरेला’ २००५ साली डिजिटल साफसफाई होऊन डीव्हीडीवर आला आणि २०१२ साली ब्लू-रेवर. चित्र आरशासारखं लख्ख. पण जाणकार चाहत्यांनी फ्रेम थांबवून पाहिल्या, तेव्हा पोशाखाच्या चुण्यांमधल्या आणि केसांमधल्या बारीक शाईरेषा ठिकठिकाणी गायब असल्याचं दिसलं. १९६३च्या ‘द सोर्ड इन द स्टोन’ची २०१३ची ब्लू-रे तर याहून वाईट. त्या चित्रपटातली रेषा कुठून आली हे माहीत असेल तर मन हळहळतं. ‘सिंडरेला’च्या काळात चित्रकाराच्या पेन्सिलचित्रावर सेल ठेवून शाई विभागातल्या स्त्रिया हातानं रेषा गिरवत. १९६१च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशन्स’पासून झेरॉक्सच्या तंत्रानं पेन्सिलचित्र थेट सेलवर उतरवणं रूढ झालं. म्हणजे ‘द सोर्ड इन द स्टोन’मध्ये आपल्याला मिल्ट काल, फ्रँक थॉमस यांच्यासारख्यांच्या हातची मूळ पेन्सिल दिसते, तिच्या खरखरीसकट आणि न पुसल्या गेलेल्या कच्च्या रेघांसकट. संगणकाला ही खरखर आणि फिल्मचा दाणा यांत फरक कळला नाही. त्यानं दोन्ही गुळगुळीत केले. कलावंताच्या हाताची शपथ घेऊन जे काम सुरू झालं, त्यात पुसला गेला तो कलावंताचाच हात.

यावर पूर्वपक्षाचं उत्तर ठरलेलं आहे: हा अंमलबजावणीतला दोष, तत्त्वातला नव्हे, उद्या अधिक हुशार यंत्र येईल, ते दाणा काढेल आणि रेषा राखेल. म्हणून तत्त्वच तपासायला हवं.

‘मूळ’ सेलवर असतं हे विधान स्टुडिओच्या रोजच्या कामाशी ताडून पाहिलं की टिकत नाही. सेल पारदर्शक म्हणतात खरे, पण प्रत्येक पत्रा थोडासा उजेड खातो. एकावर एक चार-पाच पत्रे ठेवले की तळाच्या पत्र्यावरचा रंग मळकट दिसतो. म्हणून एकाच पात्राच्या एकाच सदऱ्याचा रंग, ते पात्र कितव्या थरावर आहे हे पाहून वेगवेगळ्या छटेत कालवला जाई. शिवाय फिल्मवर कोणता रंग कसा उमटेल याच्या चाचण्या घेऊन रंग निवडले जात. तेव्हा सेल हातात घेऊन त्यावर जो रंग दिसतो, तो कुणालाच पडद्यावर दाखवायचा नव्हता. रंगकर्मी फिल्मच्या हिशेबानं रंगवत होता.

आता मल्टिप्लेन कॅमेरा घ्या. १९३७च्या ‘द ओल्ड मिल’मध्ये डिस्नेनं तो प्रथम वापरला, नंतर ‘पिनोकिओ’तलं गाव आणि ‘बँबी’तलं अरण्य त्यानं उभं केलं. काचेच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर झाडं, फांद्या, आकाश, वर कॅमेरा, पुढची फांदी धूसर होत बाजूला सरते आणि आपण रानात शिरतो. ते रान कुठल्याही टेबलावर कधी नव्हतं. काचा होत्या, त्यांच्यामधलं अंतर होतं, भिंगाची धूसरता होती. चित्र फिल्मवरच तयार झालं. सावल्यांचंही तसंच. पात्राची पारदर्शक सावली पाडायची तर तीच फिल्म मागे घेऊन दुसऱ्यांदा उघडत. अर्धवट उजेडातल्या दोन छायाचित्रणांची ती बेरीज. फिल्म बाजूला केली तर सावली उरतच नाही, उरतो रंगाचा एक ठोकळा.

सर्वांत निर्णायक मुद्दा रंगाचा आहे, आणि साफसफाईच्या चर्चेत तो फार कमी वेळा येतो. नटांच्या रंगीत चित्रपटासाठी टेक्निकलरला तीन फिल्म एकाच वेळी चालवणारा अवजड कॅमेरा लागे. अ‍ॅनिमेशनमध्ये चित्र जागचं हलत नाही, त्यामुळे त्या काळातल्या डिस्नेपटांसाठी सोपी वाट निघाली: प्रत्येक चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून एकापाठोपाठ एक, एकाच कृष्णधवल फिल्मवर तीनदा टिपायचं. त्या निगेटिव्हवर रंगाचा थेंबही नाही, आहेत त्या चांदीच्या करड्या छटा. म्हणूनच ती निगेटिव्ह पुढच्या ईस्टमनकलर फिल्मसारखी गुलाबी पडत विटत नाही, आणि पुनरुद्धार करणाऱ्यांसाठी ती अमोल आहे. पण तिचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा. रंग प्रत्यक्षात आला तो प्रयोगशाळेत, तीन रंगद्रव्यांचे ठसे एकावर एक उमटवून छापलेल्या प्रिंटवर. त्या रंगद्रव्यांचा स्वभाव, त्यांची घनता आणि काळ्याची खोली मिळून ‘सिंडरेला’चा रंग होतो. आज तीन नोंदी संगणकात एकत्र करताना कुणीतरी ठरवतो की निळा किती निळा. ठरवायला आधार हवा, आणि तो आधार म्हणजे त्या काळच्या टिकलेल्या प्रिंट्स. खेळण्याच्या खोक्यावर राजकन्येचा झगा निळा छापला जातो म्हणून चित्रपटातला रुपेरी झगा निळसर करायचा, याला पुनरुद्धार म्हणता येत नाही.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. काळ्या पाषाणाच्या किती देवळांना भाविकांनी प्रेमानं, वर्गणी काढून, ऑइलपेंट फासला आहे! भावना खरी होती, पैसा खरा होता. गेला तो दगडावरचा टाकीचा घाव.

आता दाण्याकडे परत येऊ. सेकंदाला २४ फ्रेम, पण बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम टिकतं, म्हणजे चित्रं बाराच. कधी पात्र क्षणभर थबकतं तेव्हा तेच चित्र पुष्कळ फ्रेम चालतं. चित्र तेच, पण प्रत्येक फ्रेमवरचा दाणा वेगळा. त्या अखंड थरथरीमुळे थांबलेलं पात्रही श्वास घेत असल्यासारखं वाटतं. दाणा काढा, आणि तेच पात्र छापील कागदासारखं गोठतं. पुढच्या चित्राबरोबर दचकून जागं होतं. हालचालीचा वेग त्या काळच्या चित्रकारांनी फिल्म पडद्यावर चालवून, पाहून, दुरुस्त करून ठरवला होता. तो वेग दाण्यासकट ठरला होता.

धुळीच्या बाबतीतही यंत्राचा न्याय धोक्याचा. एकाच फ्रेममध्ये दिसलं आणि शेजारच्या फ्रेममध्ये नाही, ते कचरा, असा त्याचा ढोबळ नियम. पण परीच्या कांडीतून उडालेली ठिणगी, पावसाचा थेंब, झपाट्यानं वळणाऱ्या हाताची ओढलेली रेघ हेही एखाद्या फ्रेमपुरतंच असतं. इथे माणसाच्या डोळ्याला पर्याय नाही, आणि तो डोळा महाग पडतो.

‘त्या काळी धूळ टाळता आली असती तर त्यांनी टाळलीच असती’ हेही वारंवार ऐकू येतं. टाळली असती, यात शंका नाही. पण या वाटेनं गेलं तर थांबायचं कुठे? संगणक असता तर त्यांनी सेलही वापरले नसते. प्रिंटवर नंतर पडलेले ओरखडे, तुटलेल्या फिल्मचे सांधे, तेलाचे डाग अवश्य काढावेत. पहिल्या खेळाच्या प्रेक्षकानं ते पाहिले नव्हते. पहिल्या दिवशीच पडद्यावर असलेला सेलवरचा धुळीचा कण मात्र मी जागच्या जागी ठेवीन.

हीच कसोटी चाहत्यांच्या लाडक्या मतांनाही लावली पाहिजे. १९६७च्या ‘द जंगल बुक’ची पूर्ण चौकट म्हणजे वरखाली जास्त चित्र, म्हणून तीच खरी, असं मानणारे पुष्कळ आहेत. चित्रं त्या चौकटीत काढली गेली हे खरं, पण चित्रगृहात ती वरखाली झाकून रुंद पडद्यावर दाखवायची होती आणि मांडणी तशी बेतली होती. जास्त दिसणं म्हणजे जास्त खरं असणं नव्हे. आणि बालपणीची आठवण हा तर कच्चा पुरावा. युगो साको यांच्या पुढाकारानं जपानी आणि भारतीय कलावंतांनी केलेला, राम मोहन यांचा दिग्दर्शनात वाटा असलेला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ आपल्याकडच्या एका पिढीनं दूरचित्रवाणीवर पाहिला. २४ जानेवारी २०२५ला तो नव्या प्रतीसह भारतातल्या चित्रगृहांत आला. त्या पिढीच्या मनातला त्याचा रंग हा घरच्या टीव्हीचा रंग आहे. त्याच्याशी नवी प्रत जुळते की नाही, हा प्रश्नच गैरलागू.

चाहत्यांना डाग सोसत नाहीत हा मात्र निर्मात्यांचा समज आहे, आणि घडलेल्या गोष्टी त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ अपुऱ्या अवस्थेत, कुठे रंगीत तर कुठे नुसती पेन्सिल, असा १९९१च्या न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि पुढच्याच वर्षी तो त्याच रूपात लेझरडिस्कवर निघाला. रिचर्ड विल्यम्स यांनी जवळजवळ तीन दशकं घडवलेला आणि १९९२ साली हातातून गेलेला ‘द थीफ अँड द कॉब्लर’ चाहत्यांनी झिजलेल्या टेपा आणि फिल्मचे तुकडे जोडून पुन्हा उभा केला. एक दृश्य लख्ख, पुढचं धूसर. पाहणाऱ्यांची तक्रार नाही. त्यांना पाहायचं होतं विल्यम्स यांनी काय केलं ते.

दाण्याचा खरा शत्रू मला दुसरीकडे दिसतो. थरथरता दाणा डिजिटल फाइलमध्ये दाबून बसवणं अवघड असतं, त्याला जागा फार लागते. कमी जागेत तो बसवू गेलं की त्याचे चौकोनी डाग होतात. गुळगुळीत चित्र स्वस्तात जातं. हे कारण उघड बोललं जात नाही, पुढे केलं जातं ते ‘मूळ चित्राचं’ तत्त्व. ५० गिगाबाइटच्या ब्लू-रेवर आणि १०० गिगाबाइटपर्यंतच्या फोर-के डिस्कवर ही सबब चालत नाही.

एक अपवाद मानायलाच हवा. १९९०च्या ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’पासून डिस्नेची रंगाई आणि जुळवणी संगणकावर होऊ लागली. त्या चित्रपटांच्या फाइली थेट डिस्कवर आणल्या तर दाणा नसणं समजण्यासारखं आहे. पण तेही चित्रगृहात फिल्मवरूनच दाखवले गेले होते, आणि फिल्मवर रंग कसा बदलेल याचा अंदाज धरून संगणकावरचे रंग निवडले गेले होते. तेव्हा तिथेही रंगाचा निवाडा जुनी प्रिंट शेजारी ठेवूनच करावा लागेल.

२०२३ साली डिस्नेनं ‘सिंडरेला’चं काम मूळ निगेटिव्हपासून नव्यानं केलं, एरिक गोल्डबर्ग यांच्यासारख्या हातानं चित्रं काढणाऱ्या कलावंतांना शेजारी बसवून केलं. हरवलेल्या रेषा परत आल्या, झगा पुन्हा रुपेरी झाला. हे जमलं कारण ती कृष्णधवल निगेटिव्ह शाबूत होती. ज्या छोट्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह उरलेल्या नाहीत, त्यांच्या चित्रपटांची साफ केलेली फाइल हीच एकमेव प्रत ठरणार आहे. म्हणून साफसफाईआधीचा कच्चा स्कॅन जपून ठेवणं हे डिस्क काढणाऱ्याचं पहिलं काम आहे, आणि चाहत्यांनी खोक्यावरच्या चित्राआधी त्याचीच चौकशी करावी.