कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांची हंगाम-समाप्ती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
साखर कारखान्याचा प्रारंभ बॉयलर अग्निप्रदीपन व मोळीपूजनाने समारंभपूर्वक होतो. तो थांबविण्याच्या पद्धतीची चर्चा मात्र तुलनेने कमी होते.

विवेचन :
प्रवरानगर येथे १९५०-५१ मध्ये सुरू झालेली सहकारी साखर कारखानदारी पुढे कोल्हापूर जिल्ह्यात विस्तारली. रत्नाप्पाण्णा कुंभार यांच्या पुढाकाराने इचलकरंजीजवळ पंचगंगा कारखाना उभा राहिला. गव्हाणीसमोर उसाच्या वाहनांची रांग हे येथील नित्याचे दृश्य होय. तोडलेल्या उसातील साखर दिवसागणिक घटत असल्याने गव्हाण एकाएकी बंद करता येत नाही. प्रथम नव्या तोडी देणे थांबते. नंतर तळावरील शेवटचे वाहन रिकामे होते. रस व पाक यांची साखर होईपर्यंत बॉयलर पेटता राहतो.

संगणकाच्या युनिक्स प्रणालीतही रांगेतील कामे करणाऱ्या प्रक्रियेस थांबविण्याचे असेच दोन मार्ग आहेत. १५ क्रमांकाचा संकेत हातातील काम पुरे करण्यास वाव देतो. ९ क्रमांकाचा देत नाही.

तथापि, तोडच न मिळालेल्या उसाचा प्रश्न उरतो. २०२१-२२ मध्ये मराठवाड्यात असा ऊस उभा राहिला. हंगाम जूनपर्यंत लांबला आणि शासनास वाहतूक अनुदान द्यावे लागले.

निष्कर्ष :
ऊस नियंत्रण आदेश, १९६६ ने उसाच्या बिलासाठी १४ दिवसांची मुदत घातली. यावरून तळ रिकामा होणे म्हणजे हंगामाची समाप्ती नव्हे, हे स्पष्ट होते. शेतातील शेवटची मोळी गाळली जाणे व शेतकऱ्यास शेवटचे बिल मिळणे, हीच तिची खरी कसोटी होय.