बाळाची झोंप आणि मोठ्यांचें घड्याळ

सात-आठ महिन्यांपर्यंत रात्रीं स्वस्थ निजणारें मूल वर्षाचें होण्याच्या सुमारास एकाएकीं मध्यरात्रीं उठून बसूं लागतें, हा अनुभव बहुतेक घरांना परिचयाचा आहे. पाळण्याचा कठडा धरून तें उभें राहतें, आईला हांका मारतें, आणि पुन्हां निजवूं पाहिलें तर रडून सारें घर जागें करतें. कोणी दृष्ट काढतें, कोणी दांतांना दोष देतें, कोणी आईच्या लाडांना. ह्या नित्याच्या प्रसंगामागें एक दीर्घ आणि कांहीं अंशीं दुःखद इतिहास आहे. मुलाची झोंप कां मोडते हा प्रश्न मनुष्यानें फार उशिरां विचारला. तत्पूर्वीं पिढ्यान् पिढ्या त्याला एकाच गोष्टीची चिंता होती, आणि ती म्हणजे हें मूल गप्प कसें करावें ही.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील गिरण्यांच्या गांवांत ह्या चिंतेवर बाजारानें एक सोपा उपाय काढला. आईनें पहांटे कामावर जावें, मूल शेजारच्या एखाद्या म्हातारीच्या स्वाधीन करावें, आणि त्या म्हातारीनें त्याला ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’चा चमचा पाजून दिवसभर निजवून ठेवावें, असा परिपाठ पडला. काकवींत अफूचा अर्क मिसळून केलेलें हें औषध होतें. फ्रेडरिक एंगल्स ह्यानें १८४५ सालीं इंग्लंडांतील श्रमजीवी वर्गाच्या स्थितीवर लिहिलेल्या ग्रंथांत ह्या चालीचा उल्लेख केला आहे. बाटलींतील अफू तळाशीं बसे. त्यामुळें शेवटचे चमचे पहिल्यापेक्षां अधिक जहाल ठरत. शिवाय गुंगींतील मुलाला भूक लागत नसे. कित्येक मुलें विषानें गेलीं, तर कित्येक उपासमारीनें झिजत गेलीं. अमेरिकेंत १८४९ पासून ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ ह्या नांवानें असेंच औषध दांत येणाऱ्या मुलांसाठीं विकलें जाई. त्यांत मॉर्फीन होतें. १९०६ च्या कायद्यानें अशा द्रव्यांची नोंद बाटलीवर करणें भाग पडलें, तेव्हां कोठें आयांना आपण काय पाजीत होतों तें कळलें.

मुंबईची कथा ह्याहून निराळी नव्हती. पश्चिम हिंदुस्थानांत तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल जुनीच होती, आणि १८९३ सालीं नेमलेल्या शाही अफू कमिशनपुढेंहि तिची चर्चा झाली. गिरणगांवांत तिला नवें निमित्त मिळालें. ‘बाळागोळी’ ह्या गोड नांवाखालीं अफूच्या बारीक गोळ्या मिळत. सकाळीं भोंगा होण्यापूर्वीं मुलाला एक गोळी दिली कीं तें चाळींतील खोलींत निपचित पडून राही. संध्याकाळीं थकून आलेल्या आईला दोन घटका डोळा लागावा, म्हणून पुन्हां एक. १९२० नंतरच्या दशकाच्या आरंभीं गिरणींतील स्त्रियांच्या बाळंतपणाची सरकारतर्फे पाहणी झाली, तेव्हां ह्या स्त्रियांच्या बहुतेक सर्व मुलांना अफू मिळत असल्याचें दिसून आलें. ह्या आयांना निर्दय म्हणणें अन्यायाचें होईल. मूल गिरणींत नेण्याची सोय नाहीं, घरीं पाहणारें कोणी नाहीं, आणि एक दिवस काम चुकलें तर मजुरी बुडते, अशा पेंचांत सांपडलेल्या स्त्रीनें हाताला लागेल तो उपाय केला. म्हणूनच हा रोग उपदेशानें बरा होण्यासारखा नव्हता. १९२९ ते १९३१ ह्या काळांत काम केलेल्या शाही मजूर कमिशननें गिरण्यांतून पाळणाघरें असावींत असा आग्रह धरला, आणि १९४८ च्या कारखाना-कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथें पाळणाघर सक्तीचें केलें. बाळागोळीला खरा उतारा पाळणाघराचाच होता.

सुशिक्षित घरांत ह्याच काळांत अफूची जागा घड्याळानें घेतली. अमेरिकन बालवैद्य ल्यूथर एमेट होल्ट ह्यांनीं १८९४ सालीं मातांसाठीं प्रश्नोत्तररूप पुस्तक लिहिलें. त्यांत मुलाला हलवून, डोलवून निजविण्याची संवय अनावश्यक ठरविली आणि हट्टानें रडणाऱ्या मुलास रडूं द्यावें असा सल्ला दिला. न्यूझीलंडांत फ्रेडरिक ट्रूबी किंग ह्यांनीं १९०७ सालीं डनीडिन येथें माता-बालकांच्या आरोग्यासाठीं संस्था काढली. दर चार तासांनीं दूध आणि रात्रीं मुळींच नाहीं, हा त्यांचा दंडक होता. मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन ह्यांनीं तर १९२८ सालीं मुलांचे मुके घेण्यासहि मनाई केली. ह्या शिस्तीचा एक गुण नाकारतां येत नाहीं: तिनें मुलांच्या हातांतून विषाची बाटली काढून घेतली, स्वच्छता आणि नियमितपणा शिकविला. परंतु मूल स्वतः काय सांगत आहे हें ऐकण्याची तिलाहि गरज वाटली नाहीं. १९४६ सालीं बेंजामिन स्पॉक ह्यांनीं आईबापांना आपल्या अंतःप्रेरणेवर विश्वास ठेवावयास सांगितलें, तथापि रोज रात्रीं जागणाऱ्या मुलाला कांहीं रात्री रडूं द्यावें असेंच त्यांचेंहि मत होतें.

मुलाकडे केवळ पाहत बसण्याचें काम प्रयोगशाळेनें हातीं घेतलें तें १९५० नंतर. शिकागो येथें नॅथॅनियल क्लाइटमन ह्यांचे विद्यार्थी यूजीन असेरिन्स्की ह्यांनीं निजलेल्या तान्ह्या मुलांच्या पापण्यांखालील हालचाली तासन् तास न्याहाळल्या. त्याच वाटेनें पुढें जाऊन १९५३ सालीं दोघांनीं निद्रेंतील जलद नेत्रचलनाचा शोध प्रसिद्ध केला. निद्रा हा एक अखंड अंधार नसून तिला लाटा आहेत, मुलांत ही लाट साधारण तासाभराची असते, आणि लाटेच्या अखेरीस झोंप पातळ होते, हें त्यांतून उलगडत गेलें. १९५७ सालीं लंडनमधील मूर आणि उको ह्यांनीं १६० मुलांच्या रात्रींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिसऱ्या महिन्यापर्यंत शेकडा ७० मुलें रात्रभर निजूं लागलीं होतीं. पण एकदां स्थिरावलेल्या ह्या मुलांपैकीं जवळजवळ निम्मीं वर्षाच्या उत्तरार्धांत पुन्हां जागूं लागलीं. १९७९ सालीं अमेरिकेंत टॉमस अँडर्स ह्यांनीं पाळण्यावर कॅमेरा लावून पाहिलें, तेव्हां ‘रात्रभर निजतात’ अशी ख्याति असलेलीं मुलेंहि मधून मधून जागी होतात असें आढळलें. कांहीं मुलें स्वतःशीं चाळा करीत परत निजतात, कांहीं हांक मारतात. फरक काय तो एवढाच.

वर्षाच्या उंबरठ्यावर हांका वाढतात ह्याचीं कारणेंहि आतां बरीच स्पष्ट झालीं आहेत. रांगणें, उभें राहणें हीं नवीं कौशल्यें मूल अर्धवट झोंपेंतहि गिरवीत असतें. आई दृष्टीआड झाली तरी ती कोठेंतरी आहे हें त्याला ह्याच वयांत समजूं लागतें, आणि म्हणूनच तिचा विरह जाणवूं लागतो. पुढें दिवसाच्या दोन झोंपांची एक होतांना सारें वेळापत्रक कांहीं आठवडे विस्कटतें. हीं सर्व वाढीचीं लक्षणें होत.

ह्या ज्ञानावरून निघणारा व्यवहार फार अवघड नाहीं. रोज ठराविक वेळीं दिवा मंद करावा, तोंडहात पुसावेत, अंगाई म्हणावी, आणि डोळे जड झाले पण पुरते मिटले नाहींत तोंच मुलाला अंथरुणावर ठेवावें. म्हणजे रात्रीं जाग आली तरी आपण कोठें आहों हें त्याला ओळखीचें वाटतें. हांक आली तर जवळ जाऊन थोपटावें, पण दिवा, खेळ आणि गप्पा टाळाव्यात. आई, वडील आणि आजी ह्यांनीं एकच रीत पाळावी. एक ते दोन वर्षांच्या मुलास दिवसा-रात्रींची मिळून ११ ते १४ तास झोंप हवी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे. ती दुपारची झोंप तोडून वाचवूं नये. ताप, कानाचें दुखणें किंवा मोठें घोरणें असेल तर डॉक्टरांस दाखवावें, आणि त्यांच्या सांगण्यावांचून गुंगीचें कोणतेंहि औषध देऊं नये.

राहतां राहिला मोठ्यांच्या झोंपेचा प्रश्न. तो जुन्या चाळींत होता तसाच आजच्या घरांतहि आहे, कारण सकाळीं कामावर जाणें कोणाला चुकलेलें नाहीं. अशा वेळीं रात्र एकट्या आईच्या माथीं न मारतां घरांतील माणसांनीं ती वांटून घ्यावी. गिरणगांवांतील त्या आईला असा वांटेकरी मिळाला असता, तर तिनें बाळागोळी हातीं धरली नसती.