ट्युबिंगेनचा न झालेला पाद्री

केप्लर म्हटलं की आपल्याला फिजिक्समधले तीन नियम आठवतात. पाठ करायचे, मार्क मिळवायचे, विसरून जायचे. मीही तेच केलं होतं. पुढे पीएचडीसाठी जर्मनीत श्टुटगार्टला आलो आणि कळलं की ट्रेनने तासाभरावरच्या ट्युबिंगेनमध्ये हा माणूस शिकला. तेही गणित नव्हे, पाद्री व्हायला!

नेकार नदीकाठच्या जुन्या मठात 'श्टिफ्ट' हे विद्यार्थिगृह आहे. ड्यूक उलरिखने ते १५३६ साली सुरू केलं. गरीब हुशार मुलांना राहणं, जेवण, शिक्षण फुकट. बदल्यात पुढे ड्यूकची नोकरी. आपल्याकडच्या बाँडसारखंच म्हणा ना! (हेगेल आणि शेलिंगही इथलेच, पण दोनशे वर्षांनंतरचे. त्यांच्यावर पुन्हा कधीतरी.)

१५८९ मध्ये केप्लर इथे आला. आधी तत्त्वज्ञान, ग्रीक, गणित, खगोल. मग ख्रिस्ती ईश्वरविद्या, असा क्रम. खगोल शिकवायला मेस्टलिन होता. वर्गात तो टॉलेमीच शिकवी, पण निवडक विद्यार्थ्यांना कोपर्निकसही सांगे. १५९४ मध्ये ईश्वरविद्या पूर्ण व्हायच्या आत केप्लरला ग्राझच्या शाळेत गणित शिकवायला पाठवलं. त्याला जायचं नव्हतं.

पण शिकलेलं वाया गेलं नाही. प्लेटोच्या 'टिमायस'मध्ये विश्वकर्ता भूमितीने जग रचतो. केप्लरने पाच प्लेटॉनिक घनाकृती सहा ग्रहांच्या मधल्या पाच जागांत बसवल्या. आणि सूर्य मध्यभागी का? सूर्य म्हणजे पिता, ताऱ्यांचा गोल म्हणजे पुत्र, मधलं अवकाश म्हणजे पवित्र आत्मा! ग्रहांना सूर्यच फिरवतो हा त्याचा विचार या त्रैक्याच्या हातात हात घालून आला. १५९६ मध्ये हे पुस्तक ट्युबिंगेनलाच छापलं गेलं, पण कोपर्निकसचा बायबलशी मेळ घालणारं प्रकरण तिथल्या हाफेनरेफर या ईश्वरविद्येच्या प्राध्यापकाच्या सल्ल्याने वगळावं लागलं.

घनाकृतींची कल्पना अर्थात चुकीची. तरी मला खरा केप्लर दिसतो तो मंगळाच्या कक्षेत. त्याचं वर्तुळावर आधारलेलं गणित टायकोच्या निरीक्षणांपेक्षा ८ कलांनी चुकत होतं. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम पाव भाग. आम्ही इंजिनिअर याला 'टॉलरन्स' म्हणून पुढे गेलो असतो. केप्लरने मात्र टायकोसारखा निरीक्षक ही देवाचीच कृपा मानली. मग तिच्याकडे दुर्लक्ष कसं करायचं? वर्तुळ गेलं, लंबवर्तुळ आलं. ते १६०९ मध्ये प्रसिद्ध झालं. धर्म आणि विज्ञान यांच्या भांडणाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मला हे पचवायला वेळ लागला.

भांडण झालं, ते वेगळ्याच गोष्टीवरून. ख्रिस्ताचं शरीर सर्वत्र उपस्थित असतं हे लुथरन मत केप्लरला पटेना, आणि त्यावर सही करायला तो तयार होईना. १६१२ मध्ये लिंझच्या पाद्र्याने त्याला प्रभुभोजन नाकारलं. ट्युबिंगेनमध्ये प्राध्यापकी मिळावी ही त्याची इच्छाही पुरी झाली नाही. तो आपल्या जुन्या शिक्षकांना पत्रं लिहीत राहिला. १६१९ मध्ये त्याचा तिसरा नियम ग्रंथात छापून आला. त्याच वर्षी ट्युबिंगेनहून शेवटचं उत्तर आलं: सही नाही तर प्रभुभोजन नाही. पत्र लिहिणारा हाफेनरेफरच होता, त्याचा शिक्षक आणि मित्र.