स्टॅकची जागा

आमच्या शिरोली एमआयडीसीत प्रोग्रॅम म्हटलं की लोकांना सीएनसी मशिन आठवतं. पण भट्टीच्या पॅनेलमधल्या चिमुकल्या चिपलाही प्रोग्रॅम लागतो, आणि माझी बरीच वर्षं तेच लिहिण्यात गेली. त्या कामात एक प्रश्न अगदी सुरुवातीलाच सोडवावा लागतो: स्टॅक कुठे ठेवायचा?

स्टॅक म्हणजे आपली उतरंड. शेवटी ठेवलेलं मडकं आधी निघतं. हातातलं काम सोडून दुसरीकडे जाताना परत कुठे यायचं, ते प्रोग्रॅम या उतरंडीवर ठेवून जातो. अ‍ॅलन ट्युरिंगने १९४५-४६च्या सुमारास एसीई या यंत्राच्या आराखड्यात हीच युक्ती मांडली. पत्ता 'पुरायचा' आणि नंतर 'उकरायचा', असे त्याचे शब्द. १९५७ साली जर्मनीत बाउअर आणि सामेलझोन यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्यांनी तिला तळघर म्हटलं.

आमच्याकडे हे तळघर आलं ते इंटेलच्या १९८०च्या ८०५१ चिपमधून. आतली रॅम अवघी १२८ बाइट! त्यातले पहिले ३२ रजिस्टरांच्या चार बँकांचे. चिप रीसेट झाली की स्टॅक पॉइंटर ७ वर असतो आणि स्टॅक वर चढत जातो, म्हणजे पहिलीच नोंद दुसऱ्या बँकेत पडते. म्हणून तो पॉइंटर हाताने वर सरकवायचा, आणि पुढे किती जागा लागेल तेही आपणच मोजायचं. मोजमाप हुकलं तरी चिप तक्रार करत नाही. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, ते निदान दिसलं तरी. इथे तापमानाच्या मर्यादेचा आकडा गुपचूप बुडतो, आणि भट्टीत वितळलेलं लोखंड असतं.

आताच्या एआरएम कॉर्टेक्स-एम चिपमध्ये स्टॅक खाली उतरतो. सहसा तो रॅमच्या वरच्या टोकाला ठेवतात. मग जास्त झाला की खालचा डेटा खातो. काही जण लिंकर स्क्रिप्टमध्ये त्याला मुद्दाम रॅमच्या तळाशी बसवतात. मग तो ओसंडला की थेट रॅमच्या हद्दीबाहेर जातो. चिप फॉल्ट देते किंवा अडकते, आणि वॉचडॉग तिला रीसेट करतो. बिघाड लपत नाही, हाच फायदा.

गंमत म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरांचा प्रवास नेमका उलटा झाला. नोव्हेंबर १९८८मध्ये मॉरिस वर्मने स्टॅकवरच्या बफरमध्ये जास्तीचा मजकूर कोंबून परतीचा पत्ताच बदलला. स्टॅक कुठे असणार हे आधी ठाऊक असल्याने ते जमलं. म्हणून २००१मध्ये पॅक्स प्रकल्पाने लिनक्ससाठी जागा दर वेळी बदलण्याची युक्ती काढली. २००५मध्ये मूळ लिनक्समध्ये, आणि पुढे विंडोज व्हिस्टातही ती आली.

म्हणजे एकीकडे जागा पक्की करायची, बिघाड दिसावा म्हणून. दुसरीकडे लपवायची, परक्याला सापडू नये म्हणून. आता भट्टीची पॅनेलंही इंटरनेटला जोडली जाताहेत. म्हणजे धोके दोन्ही आले, पण या छोट्या चिपमध्ये दर वेळी जागा बदलण्याची सोय सहसा नसते. म्हणून बाहेरून येणारा प्रत्येक मजकूर आधी मोजून घ्यावा लागतो. आणि लिंकर स्क्रिप्टमधली ती ओळ मी आजही कंपायलरवर सोडत नाही.