अनुभवी कुत्र्याचा अनुभव येतो कुठून?

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात ग्रँड जंक्शन नावाचं एक छोटं गाव आहे. दर फेब्रुवारीत तिथे बरीच माणसं घोड्यांवर बसून दिवसभर दोन कुत्र्यांच्या मागे फिरतात. सकाळी तीन तास एक जोडी, दुपारी तीन तास दुसरी. असं बरेच दिवस चालतं आणि शेवटी एक कुत्रा त्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता ठरतो. ही पक्षी शोधणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा, म्हणजे ‘फील्ड ट्रायल’.

माझा पीएचडीचा विषय अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शेतजमिनीचा इतिहास. त्यात कुत्रे कुठून आले, हा प्रश्न मला जवळपास प्रत्येकाने विचारलाय. थोडक्यात उत्तर असं: या स्पर्धांचे निकाल आणि वृत्तांत शंभराहून जास्त वर्षं सलग छापले गेलेत, आणि ते नीट वाचले तर कुत्र्यांइतकंच जमिनीबद्दल आणि माणसांबद्दल सांगतात. सविस्तर उत्तर म्हणजे हा लेख.

आधी खेळ समजून घेऊ

पॉइंटर आणि सेटर या जातींचे कुत्रे पक्ष्याचा पाठलाग करत नाहीत. वास आला की ते जागच्या जागी थिजतात. मान पुढे, शेपटी ताठ, अंगाची हालचाल बंद. याला ‘पॉइंट’ म्हणतात. मग कुत्र्याचा हँडलर घोड्यावरून उतरतो, झुडपात शिरून पक्षी उठवतो आणि रिकामा बार काढतो. थवा फडफडत उडतो, बंदूक वाजते, तरी कुत्र्याने हलायचं नाही. जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्याला वास आलेला नसला, तरी पहिला थांबलेला दिसताच त्यानेही थांबायचं. याला ‘बॅकिंग’ म्हणतात.

पक्षी असतो बॉबव्हाइट क्वेल. आपल्याकडच्या लाव्याची आठवण यावी असा, जमिनीवर राहणारा, गोल अंगाचा. दहा-पंधरांच्या थव्याने राहतो आणि रात्री शेपट्या आत, तोंडं बाहेर असं रिंगण करून झोपतो.

गंमत म्हणजे इथे घड्याळ जिंकणारा ठरवत नाही. आपल्या बैलगाडा शर्यतीत सेकंदांचा हिशेब असतो. इथे किती पक्षी सापडले याचीही नुसती बेरीज होत नाही. घोड्यावरचे परीक्षक कुत्रा कसा धावला, कुठे शोधत गेला, पक्ष्यापाशी कसा उभा राहिला हे सगळं पाहून मत बनवतात. सुरुवातीच्या काळात वेगवेगळ्या गोष्टींना गुण देऊन बेरीज करायची पद्धत होती. पुढे ती मागे पडली. अनुभव गुणांच्या तक्त्यात नीट मावत नाही, हे लोकांच्या लक्षात आलं असावं.

दिसणं की काम?

या खेळाचा जन्म इंग्लंडमधला. जून १८५९ मध्ये न्यूकॅसलला पॉइंटर आणि सेटर कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. आजच्या डॉग शोची सुरुवात साधारण तिथून धरतात. बक्षीस होतं बंदूक! पण प्रदर्शनात दिसतं ते फक्त रूप. कुत्रा रानात काय करतो, हे मांडवात कसं कळणार? सहा वर्षांनी, १८ एप्रिल १८६५ रोजी, बेडफर्डशरमधल्या साउथिल इथे सॅम्युएल व्हिटब्रेड यांच्या इस्टेटीवर पहिली फील्ड ट्रायल झाली. केनेल क्लब स्थापन झाला तो त्यानंतर, १८७३ मध्ये. म्हणजे कुत्र्याची वंशावळ सांभाळणारी संस्था उभी राहण्याआधीच त्याचं काम तपासण्याची पद्धत सुरू झाली होती.

अमेरिकेत पहिली नोंदलेली ट्रायल ८ ऑक्टोबर १८७४ ला मेम्फिसजवळ झाली. नाइट नावाचा काळा सेटर जिंकला. पुढच्या वीस वर्षांत इंग्लंडहून सेटर आणण्याची लाट आली. त्यातला काउंट नोबल १८८० मध्ये अमेरिकेत आला आणि इतका गाजला, की मेल्यावर त्याच्यात पेंढा भरून त्याला जपून ठेवलं. आज तो ग्रँड जंक्शनच्याच बर्ड डॉग संग्रहालयात आहे.

राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली १८९६ मध्ये, मिसिसिपीतल्या वेस्ट पॉइंटला. पहिला विजेता काउंट ग्लॅडस्टन चौथा. काही वर्षांतच ती ग्रँड जंक्शनला आली आणि १९१५ पासून तिथल्या एम्स प्लँटेशनवर भरते. या जागेबद्दल पुढे बोलूच.

तीन तास कशासाठी?

नवख्या कुत्र्यांचा ‘डर्बी’ नावाचा वेगळा गट असतो आणि त्यांची फेरी जेमतेम अर्ध्या तासाची. मोठ्यांच्या बऱ्याच स्पर्धा एक तासाच्या. राष्ट्रीय स्पर्धा मात्र तीन तासांची, आणि तिथे उतरायला आधी इतर मान्य स्पर्धांत जिंकलेलं असावं लागतं. अर्ध्या तासात तरुण, चपळ कुत्रा डोळे दिपवू शकतो. तीन तासांत चपळाई संपते आणि उरतो तो अनुभव.

हा अनुभव नेमका दिसतो कशात? नवखा कुत्रा मोकळ्या रानात सुसाट सुटतो. अनुभवी कुत्रा शेताचा बांध, ओढ्याचा काठ, गवत आणि झुडूप जिथे भेटतं ती कड, अशी ठिकाणं हेरत जातो, कारण थवे तिथे असतात हे त्याला माहीत असतं. तो वारा बघून झुडपाकडे वळतो. वास आल्यावर किती अंतरावर थांबायचं, हे त्याला कळतं. दोन पावलं जास्त गेला तर थवा उडतो, फार लांब थांबला तर हँडलरला पक्षी सापडत नाही. हँडलर नजरेआड असला तरी तो कुठल्या दिशेने चाललाय याचं भान ठेवून हा पुढेच राहतो. आणि पहिल्या तासातच सगळी ताकद उधळत नाही.

मेरी माँट्रोज नावाच्या पॉइंटर कुत्रीने १९१७, १९१९ आणि १९२० अशी तीनदा ही स्पर्धा जिंकली. असं करणारी ती पहिलीच. चार हंगामांत तीन वेळा, म्हणजे नुसत्या नशिबाची किंवा जवानीची ही गोष्ट नव्हे.

पण यातलं किती रक्तातून येतं? पॉइंट करण्याची ओढ उपजत असते, हे खरंच. अंतराचा अंदाज मात्र वंशावळीत लिहिलेला नसतो. तो शिकवतो पक्षी. रानटी थवा चूक माफ करत नाही, जवळ गेलात की उडाला. पिंजऱ्यात वाढवून सोडलेला पक्षी तितका चलाख नसतो. कुत्रा त्याच्या फार जवळ गेला, कधी पकडला तरी चालून जातं, आणि कुत्रा चुकीचा धडा शिकतो. शेकडो थवे हुंगल्याशिवाय कुत्रा अनुभवी होत नाही. तेव्हा इतिहासाच्या दृष्टीने खरा प्रश्न असा: हे शेकडो थवे कुणाच्या जमिनीवर होते, आणि कुत्र्याला तिथे कोण घेऊन जात होतं?

निकालात नसलेला रकाना

निकाल छापताना कुत्र्याचं नाव येतं, मालकाचं येतं, हँडलरचं येतं. स्काउटला रकाना नसतो.

स्काउट म्हणजे हँडलरचा जोडीदार घोडेस्वार. हे कुत्रे कित्येकशे यार्डांवर निघून जातात, दिसेनासे होतात. ठरल्या वेळेपेक्षा जास्त काळ परीक्षकांच्या नजरेआड राहिला तर कुत्रा बाद. तेव्हा तो कुठे गेला असेल हे ओळखून शोधायचं काम स्काउटचं. कुत्रा झुडपात पॉइंट करून उभा असेल तर स्काउट डोक्यावरची टोपी उंच धरून हाळी देतो. आज कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टा असतो. पण स्पर्धा चालू असताना तो वापरून कुत्रा शोधला की त्याची फेरी संपली. म्हणजे माणसाच्या त्या अंदाजाला आजही पर्याय मानलेला नाही.

दक्षिणेत हे काम दीर्घकाळ मुख्यतः कृष्णवर्णीय माणसांनी केलं. घोडे सांभाळणं, पिल्लं वाढवणं, रोज रानात नेणं हेही बऱ्याचदा त्यांच्याकडे. उन्हाळ्यात हँडलर कुत्रे घेऊन उत्तरेला, डकोटा आणि कॅनडाच्या गवताळ मैदानांत सरावाला जात. हे मदतनीसही सोबत जात. वंशभेदाचे कायदे असलेल्या त्या काळात परीक्षकाच्या घोड्यावर मात्र गोरा माणूसच असे. आपल्याकडच्या जुन्या शिकारकथा आठवा. साहेबाचं नाव, वाघाची लांबी, बंदुकीचा कारखाना, सगळं इंचाइंचाने दिलेलं असतं. हाकारे मात्र फक्त ‘हाकारे’. तसंच हे.

म्हणून हे वृत्तांत वाचताना मी विजेत्याच्या नावावर थांबत नाही. ‘अमेरिकन फील्ड’ साप्ताहिकात एकेका जोडीचा मिनिटा-मिनिटाचा वृत्तांत येई. त्या गद्यात कधी ओघात स्काउट डोकावतो: कुत्रा दिसेना, आणि कुणीतरी ओढ्यापलीकडून हाळी दिली. त्या ‘कुणीतरी’मुळे ती फेरी वाचलेली असते.

थवे कुणाच्या शेतात?

आता एम्स प्लँटेशनकडे. तिथलं मोठं घर १८४७ च्या सुमाराचं, म्हणजे गुलामगिरीच्या आणि कापसाच्या काळातलं. १९०१ मध्ये ही जमीन हॉबर्ट एम्स यांनी घ्यायला सुरुवात केली. मॅसॅच्युसेट्सचं हे घराणं फावडी बनवणारं, अमेरिकेच्या रेल्वेबांधणीत त्यांची फावडी वापरली गेली. एम्स थंडीत शिकारीला येत. अठरा हजार एकरांहून मोठी ही जागा आज त्यांच्या नावाच्या न्यासाकडे असून तिचा लाभ टेनेसी विद्यापीठाला होतो.

उत्तरेतल्या श्रीमंतांनी दक्षिणेत अशा बऱ्याच जमिनी घेतल्या. तिथे कूळ म्हणून कसणारी कुटुंबं होती, बहुसंख्य कृष्णवर्णीय. प्रत्येकाचा छोटा तुकडा: थोडा कापूस, थोडा मका, मधे पडीक, कडेला झुडपं, दरवर्षी वाळलं गवत जाळून साफ करायची रीत. बॉबव्हाइटला हेच लागतं. खायला दाणा आणि तण, लपायला झुडूप, पिल्लांना चालायला गवताखालची मोकळी माती.

१९२४ मध्ये जॉर्जिया-फ्लोरिडा सीमेवरच्या इस्टेटवाल्यांनी क्वेल कमी होतायत म्हणून पैसे उभे केले आणि सरकारी खात्यामार्फत हर्बर्ट स्टॉडर्ड या निसर्ग-अभ्यासकाने तपास सुरू केला. त्याचा मोठा ग्रंथ १९३१ मध्ये आला. त्यातली वादग्रस्त गोष्ट म्हणजे आग. वनखातं तेव्हा आगीच्या ठाम विरोधात होतं. स्टॉडर्डचं म्हणणं होतं, की ठरवून लावलेली हलकी आग नसेल तर क्वेल टिकणार नाही. आग लावण्याची जी रीत अडाणी म्हणून हिणवली जात होती, तीच पक्षी राखत होती.

म्हणजे मेरी माँट्रोजच्या काळातल्या कुत्र्यांना अनुभव देणारं रान ‘नैसर्गिक’ नव्हतं. ते कष्टातून, आणि बरंचसं अन्यायातून तयार झालेलं होतं. कुळाला आपल्या तुकड्याची मालकी नव्हती, त्याच्या बांधावरचा थवा मात्र इस्टेटीची शान होता.

मग ते रान बदललं. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून गेले. ट्रॅक्टर आले, तुकडे जोडले गेले, बांध गेले. कुठे कुरणं झाली, कुठे कागदासाठी दाट पाइन लावले. १९६० च्या दशकापासून देशभर पक्षीगणना होते, तिच्यात बॉबव्हाइटची घट तीन-चतुर्थांशाहून जास्त दिसते. कुळांनी जे सहज केलं, ते आज इस्टेटी खर्च करून मुद्दाम करतात: पट्ट्या पेरतात, झुडपं राखतात, गवत जाळतात.

याचा स्पर्धेशी संबंध काय? रानटी थवे ज्याला परवडतात, त्याचाच कुत्रा अनुभवी होतो. एक उदाहरण देते. सुरुवातीची वर्षं सेटरची होती. १९०९ मध्ये मॅनिटोबा रॅप हा पहिला पॉइंटर जिंकला, आणि हळूहळू पॉइंटरचंच राज्य आलं. १९७० मध्ये जॉनी क्रॉकेट जिंकल्यावर सेटरला थेट २०१३ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी शॅडो ओक बो जिंकला, आणि २०१४ मध्ये पुन्हा. त्रेचाळीस वर्षांची ही दरी नुसत्या रक्ताने समजावता येते, असं मला वाटत नाही. जिंकणाऱ्या जातीचीच पिल्लं जास्त पाळली जातात, चांगल्या हँडलरकडे आणि चांगल्या रानात तीच जातात. संधी जिकडे, अनुभव तिकडे.

हा माझा युक्तिवाद आहे, आणि प्रबंधात तो मला अजून पुष्कळ पुराव्यानिशी मांडायचाय. पण एवढं नक्की, की ‘अनुभवी कुत्रा’ हा शब्द दिसतो तितका साधा नाही. त्या अनुभवात कुणाची तरी पहाटेची रपेट आहे, कुणाचा तरी राखलेला बांध आहे, आणि हजारो वेळा उडालेला थवा आहे. पहिल्या क्रमांकाची ती एक ओळ वाचताना एवढी माणसं तिच्यामागे उभी आहेत हे लक्षात ठेवणं, माझ्या मते इतिहासाच्या विद्यार्थ्याचं पहिलं काम.

पुढच्या लेखात आगीबद्दल: गवत जाळणं गुन्हा कधी झालं, आणि पुन्हा शास्त्र कधी झालं. प्रश्न असतील तर जरूर विचारा.