जुन्या दुनळी बंदुकीची डागडुजी फसली तर...

मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात आणि भोवतालच्या जंगलपट्ट्यात एकेकाळी मालगुजार, वकील आणि वन खात्यातील अधिकारी यांच्या घरी बारा बोअरची दुनळी बंदूक हमखास असे. काही बंदुका ग्रीनर, वेब्ली अँड स्कॉट यांसारख्या इंग्रज कारखान्यांच्या असत, तर काही कोलकात्याच्या मँटन किंवा रॉडा या पेढ्यांमार्फत आलेल्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपले. बंदूक मात्र वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे आली. ती 'पूर्वीसारखी' करून घेण्याच्या हौसेने कारागिराकडे दिली जाते आणि परत येते ती पुष्कळदा चकाकती, पण बिघडलेली. अशा वेळी संतापापेक्षा संयम अधिक उपयोगी पडतो. बंदुकीवरून एकदा घासली गेलेली धातू पुन्हा भरून येत नाही.

बिघाड कसा ओळखावा?

जुन्या बंदुकीचे सर्वांत मोठे नुकसान बफिंगच्या चाकावर होते. कडा गोलसर होतात, स्क्रूंच्या भोवती खळगे पडतात आणि नक्षी पुसट होते. दस्त्याचे लाकूड शेजारच्या धातूपेक्षा खाली गेलेले दिसले, तर ते गरजेपेक्षा जास्त घासले गेले असे समजावे. जुन्या इंग्रजी बंदुकीच्या अक्रोडाच्या दस्त्यावर जवसाच्या तेलाचे थर हाताने चोळलेले असतात. त्यांच्या जागी चकचकीत व्हार्निश आले, तर रूप बदलते, मात्र हा दोष सुधारता येतो.

नळ्यांचा निळसर-काळा रंग हा अधिक गंभीर विषय आहे. दुनळी बंदुकीच्या नळ्या व त्यांमधील पट्टी डाख देऊन जोडलेल्या असतात. अशा नळ्यांसाठी सावकाश गंज चढवून, उकळत्या पाण्यात टाकून आणि पुन्हा घासून रंग आणण्याची जुनी पद्धत योग्य ठरते. तिला कित्येक दिवस लागतात. वेळ वाचवण्यासाठी नळ्या गरम कॉस्टिक क्षारांच्या द्रावणात बुडवल्या, तर ते द्रावण डाख खाते आणि पट्टीखाली अडकून आतून गंज चढवत राहते. नळ्या टांगून लाकडी काठीने हलकेच ठोकल्यावर घंटेसारखा स्वच्छ नाद न येता बद्द आवाज आला, तर जोड सुटल्याची शंका घ्यावी. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या डमास्कस नळ्यांवरील लहरींची नक्षीही या द्रावणात झाकोळून जाते.

दिसत नाही ते अधिक घातक

नळीच्या आतील गंजाचे खड्डे काढण्यासाठी ती आतून खरवडली जाते. आतून ती आरशासारखी दिसते, पण तिची भिंत पातळ होते. बारा बोअरच्या नळीचा मूळ व्यास ०.७२९ इंच म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर असतो. भिंतीची जाडी कुठेही ०.०२० इंच म्हणजे सुमारे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी झाली, की इंग्रज बंदूकव्यवसायात ती धोक्याची खूण मानली जाते. काडतुसाचे घर ६५ मिलिमीटरवरून ७० मिलिमीटर केले असेल, तर तेथील धातूही कमी होते आणि मूळ दाबचाचणीची ग्वाही उरत नाही. म्हणून आतील व्यास, भिंतीची जाडी आणि घराची लांबी योग्य मापकाने तपासून मिळेपर्यंत त्या बंदुकीतून एकही बार काढू नये. फुटलेली नळी सर्वप्रथम नेमबाजाचा पुढचा हात निकामी करते.

कायद्याची बाजू

१९५९च्या शस्त्र कायद्यातील कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. कलम ८ प्रमाणे शस्त्रावरील नाव, क्रमांक अथवा ओळखचिन्ह पुसणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे. असे चिन्ह पुसलेले शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल, त्यानेच ते पुसले असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे त्याला सिद्ध करावे लागते. त्यामुळे घासकामात क्रमांक पुसट झाल्याचे आढळताच नागपूर शहरात पोलीस आयुक्तालयास व ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकाऱ्यास लेखी कळवून पोच घ्यावी. नळी आखूड करण्यासही कलम ६ नुसार स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक दुरुस्तीसाठी दुसऱ्याच्या हाती पाठवायची असल्यास परवानाधारकाचे लेखी अधिकारपत्र सोबत हवे.

दाद कशी मागावी?

निराश मालक पुष्कळदा बंदूक लगेच दुसऱ्या कारागिराकडे नेतो. त्यामुळे पुरावा नष्ट होतो आणि धातूही आणखी कमी होते. प्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. शिल्लक रक्कम देणे भागच असेल, तर पावतीवर हरकत नोंदवावी. त्यानंतर दुसऱ्या परवानाधारक, अनुभवी कारागिराकडून मापांसह लेखी अभिप्राय घ्यावा आणि तो जोडून मूळ कारागिराला पत्र द्यावे.

मागणी दोषाच्या प्रकारानुसार असावी. व्हार्निश, बुजलेली जाळीदार खाचणी किंवा सुटलेली पट्टी दुरुस्त होऊ शकते; तेथे दुसरीकडील दुरुस्तीचा खर्च मागणे रास्त. पातळ झालेली नळी, पुसलेली नक्षी किंवा वाढवलेले घर पूर्ववत होत नाही. तेथे शुल्काचा परतावा आणि भरपाई हाच मार्ग उरतो. मात्र नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यानंतर पावसाळी दमटपणा आला, की लाकूड आकसते आणि फुगते. त्यातून पडलेल्या प्रत्येक फटीचा दोष कारागिराच्या माथी मारता येत नाही.

समेट न झाल्यास २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष सेवेची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते. काम परगावी झाले असले, तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करण्याची मुभा आहे. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर दाखल शुल्क लागत नाही.

बंदूक देतानाची दक्षता

या सर्व दाव्यांचा पाया बंदूक सोपवण्याच्या दिवशीच घातला जातो. काय करायचे याबरोबरच काय करायचे नाही, हेही कामाच्या चिठ्ठीवर लिहून घ्यावे : बफिंग नाही, गरम द्रावण नाही, क्रमांक व चाचणीचिन्हांना हात नाही. त्या दिवशीची मापे, छायाचित्रे आणि क्रमांकाची नोंद दोघांच्या सहीने ठेवावी. जुन्या बंदुकीवरील फिकटलेला रंग आणि झिजलेली खाचणी हा तिचा इतिहास असतो. साफसफाई, तेलपाणी आणि सुरक्षिततेपुरती दुरुस्ती एवढ्यावर थांबणाऱ्या मालकाला दाद मागण्याची वेळ क्वचितच येते.